बोरू, खिळे आणि संकेतस्थळ

आमच्या नेवासे तालुक्यातील मुलाला ग्रंथ या वस्तूची पहिली ओळख होते ती बहुधा पैसाच्या खांबापाशी. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, प्रवरेकाठच्या या गावी ज्ञानेश्वरांनी गीतार्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, ही कथा आम्ही आजीच्या मांडीवर ऐकतो. पण लिहिणे ही एक विद्या आणि लिहिलेले राखणे ही दुसरी, हे मला उमगायला आमच्या शाळेचे संकेतस्थळ बुडावे लागले.

झाले असे. काही वर्षांपूर्वी मुलांना मी एक उद्योग लावून दिला. घरोघरच्या वडीलधाऱ्यांकडून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी उतरवून आणायच्या. खडी फोडायला गेलेल्या बाया, मिलोच्या लालसर भाकरी, सुकडीची चव, दावणीतून सोडावी लागलेली बैलजोडी, असे कितीतरी वह्यांत आले. एका गृहस्थांनी शाळेला संकेतस्थळ करून दिले, त्यावर मुलांनी ते सारे चढविले. स्थळाचा पत्ता त्या गृहस्थांच्या नावावर, किल्लीही त्यांच्याच खिशात! पुढे वर्षाचे शुल्क भरायचे राहिले आणि एके सकाळी सगळे अदृश्य झाले. तोवर बहुतेक वह्या रद्दीत गेल्या होत्या आणि सांगणाऱ्यांपैकी काही जण देवाघरी. त्या गृहस्थांना काय बोल लावायचा? किल्ली कोणाकडे, हे आम्हीच कधी विचारले नव्हते.

त्या दिवसांत मला राहून राहून मुकुंदराव पाटलांची आठवण येई. आमच्याच तालुक्यातील तरवडीचे हे सत्यशोधक. १९१० साली त्यांनी ‘दीनमित्र’ सुरू केले आणि १९६७ साली देह ठेवीपर्यंत ते चालविले. वर्तमानपत्र म्हणजे पुण्यामुंबईचा व्यवहार, अशी समजूत असण्याच्या काळात हे साप्ताहिक खेड्यातून निघत असे. ‘कुलकर्णीलीलामृता’सारखे झोंबणारे काव्य लिहिणाऱ्याला आपले लिखाण दुसऱ्याच्या मर्जीवर सोडून चालणार नव्हते. खिळे आपल्या गावात असावेत, यातच त्यांचे निम्मे स्वातंत्र्य होते.

आज खिळ्यांची जागा संगणकावरील सॉफ्टवेअरने घेतली आहे. हे नवे खिळे गावात आणता येतील काय, याचा शोध घेताना मला एक परदेशची हकिगत सापडली. कॉर्सिका बेटावरील मिशेल वाल्द्रिघी या तरुणाने २००१ साली ‘बी टू’ नावाचे लेखन प्रकाशित करण्याचे सॉफ्टवेअर रचले. पुढे त्याच्याकडून काही वार्ता येईना. वापरणारे चिंतेत पडले. तेव्हा अमेरिकेतील ह्यूस्टनचा मॅट मलेनवेग हा एकोणीस वर्षांचा मुलगा आणि इंग्लंडचा माइक लिटल, एकमेकांना कधी न भेटलेले हे दोघे, पुढे झाले. त्यांनी तेच काम हाती घेऊन २७ मे २००३ रोजी ‘वर्डप्रेस’ लोकांपुढे ठेवले. आज जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी दोन त्यावर चालतात. त्याच महिन्याच्या १ तारखेला मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. त्याच्या मुळाशी असलेले ‘मीडियाविकी’ही असेच मुक्त आहे.

दुसऱ्याचे काम त्यांनी उचलले, याला चोरी का म्हणायचे नाही? कारण ‘बी टू’ ज्या परवान्याखाली दिले होते, तो रिचर्ड स्टॉलमन यांच्या विचारातून १९८९ साली प्रथम प्रसिद्ध झालेला सार्वजनिक परवाना होता. वापरा, उघडून पाहा, बदला, इतरांना द्या; मात्र द्याल तेव्हा घेणाऱ्यालाही हीच मुभा द्या, असा त्याचा मथितार्थ. कर्ता दूर गेला तरी काम पोरके होत नाही, ते या अटीमुळे.

वाचकहो, माझी मजल मॅट्रिकपर्यंतची. संगणकाचे शास्त्र मी शिकलेलो नाही. तरी महिनाभरात मी शाळेचे नवे स्थळ उभे केले. मजकूर एका कोठारात राहतो, त्याला डेटाबेस म्हणतात. त्याचे रूप ठरवितो तो साचा निराळा. साचा बदलला तरी मजकूर जागचा हलत नाही. सॉफ्टवेअरला पैसा पडत नाही; पण जागेचे भाडे आणि नावाचे शुल्क दरवर्षी भरावेच लागते. नवी आवृत्ती आली की ती चढवावी लागते, नाहीतर जुन्या फटींतून चोर शिरतात. आणि कोठाराची व चित्रांची नक्कल वेळोवेळी आपल्यापाशी उतरवून ठेवावी लागते. आता पत्ता शाळेच्या नावावर आहे आणि किल्ली लखोट्यात बंद होऊन मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे.

येथे मला नाथ आठवतात. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत तीनशे वर्षांत पाठभेद शिरले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ते तपासून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये, असे बजावले. परवाना म्हणतो बदला, नाथ म्हणतात बदलू नका; मग खरे कोणाचे? मला वाटते, दोन्ही खरे. ग्रंथात कोणी ओवी घालू नये; ग्रंथ लिहिण्याच्या बोरूला टोक मात्र कोणीही काढावे.

गेल्या दिवाळीत एक जुनी विद्यार्थिनी माहेरी आली होती. तिने आपल्या ट्रंकेतून दुष्काळाची वही काढून आणून दिली. नव्या स्थळावर पहिला मजकूर चढला तो तिच्या आजीचा. टंकताना एका मुलाने विचारले, “गुरुजी, आजीने ‘मिलू’ म्हटलंय. ‘मिलो’ करू का?”

मी म्हणालो, “नको रे बाबा. आजीचं आजीलाच राहू दे. तू फक्त नक्कल उतरवून ठेवलीस का, ते सांग.”