धान्याचे ऋण व कृपेचे दान



ज्युबिलीचा प्रसंग केवळ मंडप, मिरवणूक व मेजवानी यांचा नव्हे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे पन्नासाव्या वर्षी दासाने मुक्त व्हावे व विकलेली भूमी मूळ कुटुंबाकडे परत यावी, असा दंडक होता. म्हणजे ज्युबिली हे हिशेबाचे वर्ष होय. आपल्यावर कोणाचे काय ऋण आहे, हे अशा वेळी पाहणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण, जो पुण्यास नोकरीस होता, सुट्टीत आमच्या भेटीस आला. "फादर, तुमच्या वाडवडिलांनी धान्यासाठी धर्म घेतला, असे सोबती हिणवतात. हे खरे काय?" असे त्याने विचारले. आम्ही उतावीळपणे उत्तर दिले, "ते सर्व खोटे. त्याकडे लक्ष देऊ नकोस." तो गप्प राहून निघून गेला. त्याचे समाधान झाले नव्हते, व खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नव्हते. आज ते उत्तर सुधारून देण्याची संधी आम्ही घेत आहो.

कर्जत तालुका हा पर्जन्यछायेतला. दक्षिणेस भीमा व पूर्वेस सीना वाहत असूनही येथील शेतकऱ्याची दृष्टी आभाळाकडे लागलेली असते. 1876 ते 1878 या सालांत दुष्काळाने सारे दख्खन होरपळले. सरकारी कामांवरील पुरुषमाणसाची मजुरी त्या वेळी दिवसाला एक पौंड धान्य व एक आणा इतकी खाली आणली गेली होती. आपल्या जिल्ह्यातून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 साली सुरू झाला, तो याच काळातला. जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे प्रॉटेस्टंट बंधू 1831 पासूनच कार्य करीत होते. दुष्काळानंतरच्या काळात राहुरी तालुक्यातील केंदळ येथे येशूसंघीय फादर ओटो वाइसहाउप्ट यांनी कॅथलिक कार्याचा पाया घातला. आलेल्यांपैकी बहुतेक गावकुसाबाहेरचे लोक होते. ते भुकेले होते, व मिशनने त्यांस धान्यही दिले. हे लपविण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

परंतु पुढचा इतिहासही पाहावा. 1886 साली पुणे धर्मप्रांताची स्थापना झाली. 1903 साली फादर हेन्री डोरिंग यांनी केंदळ येथून "निरोप्या" हे मराठी मासिक सुरू केले. हेच फादर 1907 साली पुण्याचे बिशप झाले. ज्यांस अक्षरओळख नाकारली गेली होती, त्यांच्या हाती मासिक आले. ज्यास केवळ माणसे मोजावयाची आहेत, तो त्यांस वाचावयास शिकवीत बसत नाही.

मग पहिले महायुद्ध आले. जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे ठरले. खुद्द अहमदनगर येथे जर्मनांसाठी नजरकैदेची छावणी उभी राहिली, आणि 1916 पर्यंत बहुतेक जर्मन येशूसंघीयांस हा देश सोडावा लागला. स्विस धर्मगुरूंच्या हाती हे कार्य पुढे आले. तोपर्यंत मिस्सा दुर्मिळ झाली व मदतीचा ओघ आटला. भाकरीसाठीच आलेले लोक भाकर देणारा गेल्यावर उठून गेले असते. काही गेलेही असतील. परंतु ख्रिस्तसभा राहिली. मास्तरांनी मुलांस प्रार्थना शिकविल्या, मरणोन्मुखांच्या उशाशी बसून धीर दिला. आयांनी दिवा लावून जपमाळ म्हटली. ही देवाची कृपा नव्हे तर दुसरे काय?

येथे उधळ्या पुत्राची कथा आठवावी. तो परतला तो पश्चात्तापाने, असे आपण म्हणतो. परंतु संत लूकच्या शुभवर्तमानात तो देश दुष्काळाने ग्रासला होता, व बापाच्या घरी चाकरांसही पोटभर भाकर मिळते, हे त्यास प्रथम आठवले. भुकेनेच त्याचे पाऊल घराकडे वळविले. बापाने मात्र "भाकरीसाठी आलास काय?" असे विचारले नाही, तो दुरूनच धावत गेला. मानवी स्वभावाला बाजूस सारून कृपा काम करीत नाही. भूक, आजार, लेकराची काळजी, यांतूनच ती वाट काढते, असे आम्ही सेमिनरीत शिकलो. तिचा अर्थ मात्र कर्जतच्या माळावर कळला.

1972 च्या दुष्काळातील मिलो व सुकडी वृद्ध मंडळी अद्याप विसरलेली नाहीत. त्याच जिल्ह्यात 1948 साली भारतात आलेले स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाकर यांनी ओळखले की नुसते धान्य वाटून भागणार नाही. पाणी अडविले पाहिजे. पाणलोट क्षेत्राच्या कार्यासाठी 1993 साली स्थापन झालेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट या संस्थेचे ते एक संस्थापक होत. समतल चर, नालाबांध व श्रमदान यांत धर्म वा जात विचारली जात नाही. दयेचे हे कृत्य भुकेल्यास अन्न देण्याहून एक पायरी पुढचे आहे.

आपल्या दररोजच्या जीवनात कृपा याहून वेगळ्या रूपाने येत नाही. ऊसतोडीस गेलेले कुटुंब परत येऊन प्रथम ख्रिस्तमंदिराची पायरी चढते. वर्षानुवर्षे पापनिवेदनास न आलेला मनुष्य मुलाच्या लग्नानिमित्त का होईना गुडघे टेकतो. विहिरीच्या पाळीवरून अबोला धरलेले दोन भाऊ आईच्या मातीला एकत्र उभे राहून पुन्हा बोलू लागतात. निमित्त लहान असते. देव निमित्ताचा अवमान करीत नाही.

त्या तरुणास आता आमचे उत्तर असे आहे: होय, बाळा, आपले पूर्वज भुकेले आले. त्याची लाज बाळगू नकोस. ज्यांनी त्यांस उपाशी ठेवले, त्यांनी लाज बाळगावी. भुकेल्यास देवाने भाकर दिली, व भाकरीबरोबर स्वतःसही दिले. हे ऋण फेडता येत नाही. ते पुढे द्यावयाचे असते.

तेव्हा या ज्युबिली वर्षी प्रत्येकाने एकदा पापनिवेदन करावे, एक जुना तंटा मिटवावा, व दाराशी कोणी गरजू आला तर तो कोणत्या हेतूने आला याची चौकशी न करिता त्यास आत घ्यावे. आपल्या पूर्वजांची चौकशी देवाने केली नव्हती. त्याची कृपा आपणां सर्वांवर राहो. आमेन.