'सेड' कमांडमधला 'आय' पर्याय नेमकं काय करतो?

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुणे जिल्ह्यातील वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्यास मंजुरी दिली. समजा, भोर-वेल्ह्यातील पत्त्यांची मोठी यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये आहे आणि त्यात हे नाव बदलायचं आहे. लिनक्सवर हे काम 'सेड' ही कमांड एका झटक्यात करते. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये तयार झालेली ही कमांड आजही सर्रास वापरली जाते. मात्र तिच्या मदतपानावरची वर्णनं फारच त्रोटक आहेत.

'आय' म्हणजे काय?
हा पर्याय न लावल्यास बदललेला मजकूर फक्त स्क्रीनवर दिसतो, मूळ फाइल तशीच राहते. 'आय' लावला की बदल थेट फाइलमध्ये होतो. मदतपान सांगतं, की प्रत्यय दिल्यास बॅकअप ठेवला जातो. याचाच दुसरा अर्थ, प्रत्यय दिला नाही तर जुनी फाइल गेली!

प्रत्यय कसा द्यायचा?
मदतपानावर तो चौकटी कंसात असतो, म्हणजे ऐच्छिक. तो 'आय'ला चिकटूनच लिहायचा. म्हणून 'आय' आणि 'ई' हे पर्याय जोडून लिहिले, तर 'ई' हा प्रत्यय समजला जातो. मॅकवर मात्र प्रत्यय द्यावाच लागतो, रिकामा का होईना.

'एन' का धोक्याचा?
वर्णन आहे 'आपोआप छपाई बंद'. पण 'आय'सोबत छपाई म्हणजेच फाइलमध्ये लिहिणं. छापण्याची वेगळी सूचना नसेल, तर फाइल रिकामी होते.

चूक उलटी फिरवता येते का?
नेहमी नाही. मंजुरी तालुक्याच्या नावाला होती. सरसकट बदलात 'वेल्हे बुद्रुक' हे गावही 'राजगड बुद्रुक' होईल. उलट बदल केला, तर भोर तालुक्यातलं राजगड पोलीस ठाणे 'वेल्हे पोलीस ठाणे' होईल. शिवाय 'वेल्ह्यात' असं रूप कमांडला सापडणारच नाही.

मग काय करावं?
- आधी 'आय'शिवाय कमांड चालवून स्क्रीनवरचा मजकूर तपासा.
- नुसत्या 'वेल्हे'ऐवजी 'तालुका वेल्हे' असा पूर्ण मजकूर शोधा.
- 'आय'ला बॅकअपचा प्रत्यय जोडा.
- शेवटी 'डिफ' कमांडने दोन्ही फाइल्स ताडून पाहा. जुनी फाइल त्यानंतरच हटवा.