रॉकेलचा डबा का गळला?

कथील या मूलद्रव्याची अपरूपे शिकवताना अनेक शिक्षक एक गोष्ट सांगतात. कॅप्टन स्कॉट १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतत होता. वाटेत साठवून ठेवलेल्या रॉकेलच्या डब्यांचे सांधे कथलाने जोडलेले होते. कडाक्याच्या थंडीत पांढऱ्या कथलाची करडी भुकटी झाली, रॉकेल गळून गेले आणि पाचही जण मृत्युमुखी पडले. गोष्ट मोठी आकर्षक आहे. मूलद्रव्य, तापमान आणि शोकांतिका यांची सांगड एका वाक्यात बसते. पण ती खरी आहे का, हे तपासायला हवे, आणि त्यासाठी आधी रॉकेलचे तिथले महत्त्व समजून घ्यायला हवे.

बर्फाच्या प्रदेशात पाणी कमी पडेल असे आपल्याला वाटत नाही. प्रत्यक्षात तिथे द्रवरूप पाणी जवळजवळ नसतेच. उणे ४० अंश सेल्सिअसचा एक किलो बर्फ शून्य अंशापर्यंत आणायला सुमारे ८४ किलोज्यूल, वितळवायला ३३४ आणि झालेले पाणी उकळायला ४२० किलोज्यूल उष्णता लागते. बेरीज साधारण ८४० किलोज्यूल. एक लिटर रॉकेल जाळल्यावर सुमारे ३५,००० किलोज्यूल उष्णता मिळते. चुलीत त्यातली निम्मी वाया गेली, तर लिटरभर रॉकेलमागे सुमारे २० लिटर उकळते पाणी हाती येते. (हे गणित नववी-दहावीच्या वर्गात जरूर करून घ्यावे. वितळण्याची अप्रकट उष्णता एकटीच केवढा वाटा खाऊन जाते, हे मुलांच्या चटकन लक्षात येते.) म्हणजे तिथल्या प्रवाशाच्या दृष्टीने रॉकेलचा डबा हाच पाण्याचा हंडा. डबा रिकामा झाला की अन्न शिजत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे प्यायला घोटभर पाणीही मिळत नाही.

हे गणित पहिल्यांदा नीट मांडणाऱ्यांत नॉर्वेच्या फ्रिट्योफ नान्सेनचे नाव घ्यावे लागेल. हा मूळचा प्राणिशास्त्रज्ञ. मज्जासंस्थेवरच्या संशोधनासाठी त्याला डॉक्टरेट मिळाली होती. १८८८ साली पाच सोबत्यांसह त्याने ग्रीनलंडचा हिमपठार ओलांडला. त्या प्रवासात त्याची स्पिरिटची चूल बरीच उष्णता वाया घालवी, म्हणून तहान भागेना. चपट्या बाटल्यांत बर्फ भरून त्या कपड्यांच्या आत, अंगाच्या उबेवर ठेवायच्या आणि जे पाणी होईल ते प्यायचे, अशी वेळ आली. परतल्यावर नान्सेनने चुलीचाच विचार केला. मधोमध शिजवायचे भांडे, त्याभोवती कड्यासारखे दुसरे भांडे आणि सर्वांत वर पसरट थाळी. बाहेरच्या दोन्हींत बर्फ. आतल्या भांड्याला चाटून निसटणारे गरम वायू बाहेर पडण्याआधी बर्फ वितळवण्याचे काम करून जात. भांडी ॲल्युमिनियमची, त्या काळात नवलाईची.

भांड्यांखाली जळायला त्याला हवी तशी चूल मिळाली ती स्वीडनमध्ये. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ मध्ये स्टॉकहोमला बिनवातीचा स्टोव्ह बनवायला सुरुवात केली होती. नाव प्रायमस. गॅस येण्यापूर्वी आपल्याकडे घरोघरी भर्रर्र आवाज करणारा पितळी स्टोव्ह होता तो याच घराण्यातला. काकडा पेटवून बर्नर तापवायचा, पंप मारायचा. दाबाने वर चढलेले रॉकेल तापलेल्या नळीत वायुरूप होते आणि निळ्या ज्योतीने, काजळी न धरता जळते. पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याचा वाटीसारखा वॉशर असे. तो वाळला की पंपात दम राहत नसे. मग आजी त्यावर तेलाचे दोन थेंब सोडायची आणि चामडे फुगून पुन्हा घट्ट बसायचे. हा वॉशर लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

१४ मार्च १८९५ रोजी नान्सेन आणि यालमार योहानसेन आपले ‘फ्राम’ जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघाले, तेव्हा जेमतेम २० लिटर रॉकेलवर दोघांचे १२० दिवस निघावेत असा त्यांचा हिशेब होता. दिवसाला पाऊण पेल्याइतके रॉकेल. स्टोव्ह आणि भांड्यांनी तो हिशेब राखला. बाकीच्या सामानाने तसा राखला नाही. लांडग्याच्या कातड्याचे कपडे जहाजावर ठेवून त्यांनी लोकरीचे घेतले होते. घामाची वाफ त्यात गोठून कपड्यांचे चिलखत झाले आणि बाहीच्या कडेने नान्सेनची मनगटे सोलून निघाली. पुढे एका लांबलचक मजलीनंतर दोघेही घड्याळांना किल्ली द्यायला विसरले. घड्याळे उत्तम होती, पण बंद पडल्यावर रेखांश काढणार कशावर? रॉकेल संपत आले तेव्हा शिकारीने तारले. फ्रान्झ जोझेफ लँडवरचा १८९५-९६ चा हिवाळा त्यांनी अस्वले आणि वॉलरस मारून, त्यांचे मांस खाऊन आणि चरबी जाळून काढला.

दक्षिणेकडे, स्कॉटच्या परतीच्या वाटेवर, शिकार करण्याजोगे काहीच नव्हते. जे पुरून ठेवले तेवढेच. १७ जानेवारी १९१२ ला ध्रुवावर पोचलेल्या पाच जणांपैकी एकाचा परतीच्या वाटेवर मृत्यू झाला. उरलेल्यांना २४ फेब्रुवारीच्या साठ्यावर रॉकेल अपेक्षेपेक्षा कमी आढळले. २ मार्चच्या साठ्यावर पुन्हा तेच. १० मार्चला तिसऱ्या ठिकाणीही तूट. अखेरच्या तंबूत, पुढच्या साठ्यापासून अवघ्या १८ किलोमीटरवर, उरलेल्या तिघांपाशी माणशी दोन कप चहापुरते इंधन शिल्लक होते. केवळ रॉकेलने त्यांचा घात केला असे म्हणता येत नाही. अपुरे अन्न आणि असामान्य थंडी हीही कारणे आहेतच. पण पाण्यावाचून आणि गरम अन्नावाचून थकलेले शरीर किती दिवस तग धरणार?

हे डबे गॅलनभराचे, पत्र्याचे होते. तोंडाला आटे असलेले बूच आणि त्याखाली चामड्याचा वॉशर. स्कॉटच्या १९०१-०४ च्या पहिल्या मोहिमेत लाकडी सालीची बुचे होती, आणि त्यांतून रॉकेल झिरपते अशी तक्रार त्याने स्वतःच १९०५ साली छापली होती. त्यावर उपाय म्हणून हे नवे बूच आले. पण आजीला माहीत असलेली गोष्ट इथेही लागू होती. थंड, कोरड्या हवेत चामडे वाळते, आक्रसते. रॉकेलचा पृष्ठताण पाण्याच्या मानाने बराच कमी, त्यामुळे पाणी अडेल अशा फटीतूनही ते रांगत बाहेर येते. त्यात हे डबे चटकन सापडावेत म्हणून खुणेच्या ढिगाऱ्यांवर उघड्यावर ठेवलेले होते. उन्हाळ्यातले ऊन लागून आतली वाफ दाबाने बाहेर पडत राहिली.

याला पुरावा काय? मोहिमेतला एक सभासद अॅप्सली चेरी-गॅरार्ड याने १९२२ च्या आपल्या पुस्तकात एक नोंद केली आहे. सप्टेंबर १९११ मध्ये मुख्य तळावर एका लाकडी खोक्यात आठ डबे ठेवलेले होते. ते सुमारे पंधरा महिन्यांनी बर्फातून उकरून काढले. तीन पूर्ण भरलेले, तीन रिकामे, एक एकतृतीयांश भरलेला आणि एक दोनतृतीयांश. आधी परतलेल्या तुकड्यांनी वाटेवरचे रॉकेल जास्त वापरले असावे, अशी शंका कोणी घेतली तर तिला या खोक्याने उत्तर मिळते. या डब्यांना कोणीच हात लावला नव्हता.

आता कथलाकडे येऊ. शुद्ध पांढरे कथील १३.२ अंशांखाली हळूहळू करड्या रूपात बदलते, घनता ७.३ वरून ५.८ पर्यंत उतरते आणि धातूची पूड होते, हे रसायन निर्विवाद आहे. पण शिसे, अँटिमनी किंवा बिस्मथ थोडेसे मिसळलेले असले की हा बदल जवळजवळ थोपतो, आणि पत्र्याचे डबे झाळायला वापरतात ते सोल्डर शिसे-कथलाचेच असते. आपल्या भांड्यांची कल्हई थंडीच्या दिवसांत पारा १३ च्या खाली उतरला म्हणून झडत नाही, तिथेही शुद्धतेचा आणि काळाचा प्रश्न आहेच.

सर्वांत बोलकी साक्ष मात्र स्कॉटच्या प्रतिस्पर्ध्याची आहे. १४ डिसेंबर १९११ ला ध्रुव गाठणाऱ्या रोआल्ड आमुंडसेनने आपल्या रॉकेलच्या डब्यांच्या बुचांवर भरवसा ठेवला नाही. त्याने डबे झाळून बंद केले होते. त्याच हिमभूमीवर, त्याच मोसमात, ज्या सोल्डरवर आपण आज संशय घेतो त्यानेच त्याचे रॉकेल सांभाळले.