देवबंदहून लँकेशायरला

'मदरसा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी मध्ययुगीन उभं राहतं. गंमत अशी की इंग्लंडमध्ये आज जी दारुल उलूम आहेत, त्यांचा साचा बराचसा इंग्रजी शाळेचाच आहे. तो आपल्याकडून फिरून तिकडे परत गेला!

१८६६ साली सहारनपूर जिल्ह्यातल्या देवबंदला एका छोट्या मशिदीत मदरसा सुरू झाला. संस्थापकांपैकी मौलाना कासिम नानौतवींचे गुरू ममलूक अली दिल्ली कॉलेजात शिकवत. म्हणजे इंग्रजी शिक्षणपद्धत या मंडळींना परकी नव्हती. पूर्वी विद्यार्थी गुरूकडे जाऊन एकेक ग्रंथ वाचत असे. देवबंदने वर्ग पाडले, वार्षिक परीक्षा घेतली, पगारी शिक्षक नेमले. नवाबाच्या जहागिरीऐवजी सामान्यांच्या वर्गणीवर संस्था चालवली. ग्रंथ मात्र जुनेच, लखनौच्या फिरंगी महालातल्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने चालत आलेला 'दर्स-ए-निजामी'. ग्रंथ अरबीत, शिकवणं उर्दूत.

पुढे सुरत-भरूचकडचे कितीतरी गुजराती मुसलमान लँकेशायरच्या कापडगिरण्यांत कामाला गेले. बायकामुलं मागाहून गेली आणि मुलांच्या धर्मशिक्षणाचा प्रश्न आला. गुजरातेत जन्मलेले, सहारनपूरला शिकलेले यूसुफ मोताला १९६८ मध्ये बोल्टनला पोचले. त्यांनी १९७० च्या दशकात बरीजवळ होलकंबला, एका जुन्या सॅनेटोरियमच्या इमारतीत दारुल उलूम काढलं. ब्रिटनमधलं ते पहिलं मानतात. सकाळी धर्मग्रंथ, दुपारी गणित, विज्ञान, इंग्रजी. मोताला २०१९ मध्ये वारले.

जन्मभर फळ्यासमोर उभा राहिल्यामुळे असेल, पण मला यात सगळ्यात जास्त रस वाटतो तो भाषेच्या भानगडीत. मुलगा घरी गुजराती बोलणार, रस्त्यावर इंग्रजी, वर्गात उर्दू, आणि पुस्तक अरबी! अरबी कळावी म्हणून आधी उर्दू शिकायची. देवबंदला उर्दू ही जवळची, सोयीची भाषा होती. लँकेशायरमध्ये तीच आणखी एक अडसर झाली. मशिदीतले इमाम बहुधा मायदेशातून आणलेले, त्यांचं प्रवचन तरुणांच्या डोक्यावरून जाई. हळूहळू इंग्रजीतून शिकवणं वाढलं. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. पण जुन्या पिढीला उर्दू गेली की अदबही जाईल अशी धास्ती होती, आणि ती मला अगदीच खोटी म्हणवत नाही.

दुसरा प्रश्न पोटाचा. बारा-तेराव्या वर्षी आत गेलेला मुलगा सहा-सात वर्षांनी आलिम होऊन बाहेर येतो. पुढे काय? मशिदी किती आणि तिथले पगार किती! तुरुंगात, इस्पितळात मुसलमानांना धीर द्यायला धर्मोपदेशक हवे असतात. ब्रिटिश तुरुंग खात्याने १९९९ मध्ये त्यासाठी मुस्लिम सल्लागारही नेमला. पण कैद्याशी बोलायला नुसता दर्स-ए-निजामी पुरत नाही. म्हणून २००९ मध्ये टिमथी विंटर (इस्लाम स्वीकारलेले इंग्रज प्राध्यापक, अब्दुल हकीम मुराद) यांनी केंब्रिज मुस्लिम कॉलेज काढलं. दारुल उलूममधून आलेल्यांना तिथे वर्षभराच्या पदविकेत भोवतालच्या समाजाचीही ओळख करून देत.

अमेरिकेतली तऱ्हा आणखी वेगळी. बर्कलीच्या झैतुना कॉलेजला २०१५ मध्ये रीतसर मान्यता मिळाली. देवबंदच्या संस्थापक पिढीतले रशीद अहमद गंगोही तत्त्वज्ञान शिकवण्याच्या विरोधात होते. झैतुनात कुराण आणि फिकहच्या जोडीला तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान आहे, आणि वर्गात मुलं-मुली दोन्ही.