बँकेचा पैसा, माळवदाची माती

मी नांदेडचा, आजोळ लातूरचं. माझा जन्म भूकंपानंतरचा, त्यामुळे ‘किल्लारी’ मला मोठ्यांच्या बोलण्यातूनच माहीत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं गाढ झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्या घरात गोष्ट इथेच थांबायची. मला मात्र पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: मदतीला आलेला पैसा गावापर्यंत पोचला कसा?

१९९४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र सरकारनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. सगळ्यात उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची होती. शिवाय हजाराहून जास्त गावांतली सुमारे दोन लाख घरं आहे तिथेच दुरुस्त करून मजबूत करायची होती.

नव्या गावांत घर मिळालं जमिनीच्या हिशेबानं: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. रुंद रस्ते, सरळ रांगा, थेट शहरातली कॉलनी. पण जनावरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, शेजारी भावकीतलं कोण असणार? वापरणाऱ्याशी न बोलता सॉफ्टवेअर बनवलं की काय होतं, ते मी रोज ऑफिसात बघतो. तिथे निदान अपडेट देता येतो.

दुरुस्तीच्या गावांत प्रश्न वेगळा होता. तिथे अनुदान हप्त्यांनी घरमालकाच्या हातात येणार होतं आणि बांधकाम त्यानंच करून घ्यायचं होतं. माणसं दगावली होती ती जाड दगडी भिंतींखाली. या भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते, वर माळवदाची जड माती. उपाय साधे होते: दोन्ही थर जोडणारे लांब दगड, भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा, माळवदावरची माती कमी करणं. पण लोकांनी दगडाची धास्ती घेतली होती. असलेलं घर मजबूत करण्यापेक्षा एक नवी पक्की खोली बांधावी, असं अनेकांना वाटे. मोजके इंजिनिअर दोन लाख घरांना समजावणार कसे?

इथे प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था आली. लोकसहभागाचं काम सरकारनं तिच्याकडे सोपवलं. संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांना हाताशी धरलं आणि त्यांतल्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. कुठला हप्ता कधी मिळतो, पट्टा कुठे घालायचा, गवंडी कुठे हात आखडतोय, हे त्या घरोघरी जाऊन सांगू आणि बघू लागल्या. गावाच्या अडचणी इंजिनिअरपर्यंत न्यायच्या आणि उत्तर घेऊन यायच्या. जिथे बाईनं बैठकीत बोलायची रीत नव्हती, तिथे हे चाललं होतं.

वॉशिंग्टनमधली बँक आणि गावातला उंबरा यांच्यात सरकार होतं, संस्था होती आणि शेवटी ही बाई होती. ती नसती तर पैसा आला असता, घरही कदाचित झालं असतं. पण घर कशानं उभं राहतं, हे घरच्यांना कळलं नसतं.

प्रकल्पाला मुदत असते, बायांच्या ओळखीपाळखीला नसते. याच मंडळांतून पुढे बचतगट उभे राहिले. २००१ मध्ये कच्छ हादरलं, तेव्हा आपल्याकडच्या बाया तिथल्या बायांना अनुभव सांगायला गेल्या. पुढे दुष्काळात त्याच संस्थेनं बायांसोबत एका एकरावर घरापुरतं धान्य-भाजीपाला पिकवण्याचं काम वाढवलं. २०१६ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आज देणगीदार पहिला प्रश्न विचारतात, किती घरं, किती शौचालयं, किती लाभार्थी? बैठका, एसटीचं भाडं, मानधन हा खर्च जितका कमी तितकं बरं, असं धरलं जातं. मराठवाड्यात तरी याच खर्चातून पिढीभर पुरलेली गोष्ट उभी राहिली. किल्लारीचा हिशेब मांडताना घरांसोबत ती बोलणीही मोजायला हवीत.