मुंबई ते लंडन : अंतर तेच, वेळ निराळी

मंडळी, मुंबई आणि लंडन या दोन विमानतळांमध्ये अंतर किती? पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजले तर सुमारे ७,२०० किलोमीटर. हे अंतर आपल्या पणजोबांच्या काळीही तेवढेच होते. बदलत गेली ती वेळ, आणि परदेशी राहणाऱ्या माणसाचे आयुष्य त्या वेळेवरच बेतलेले असते.

१८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावरही बोटीने इंग्लंड गाठायला साधारण तीन आठवडे लागत. गंमत अशी, की १८७० मध्ये समुद्राखालून तारेची जोडणी झाली आणि मुंबईची बातमी काही तासांत लंडनला पोहोचू लागली. बातमी तासांत, माणूस मात्र आठवड्यांत! घरी दुःखद घटना घडली तर कळवावे की नाही, हाच प्रश्न पडे. गांधीजी लंडनला शिकत असताना त्यांच्या मातोश्री वारल्या. थोरल्या भावाने ही बातमी त्यांना कळवलीच नाही. १८९१ साली मुंबईला उतरल्यावर त्यांना ती समजली.

विमानाने ही दरी हळूहळू बुजवली. मार्च १९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजने लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीपर्यंत सेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा होता, आणि त्यातला एक टप्पा चक्क आगगाडीचा! कराचीपासून पुढची टपाल १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी छोट्या ‘पस मॉथ’ विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला आणली. याच वर्षी लंडनचे महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, हा छान योगायोग.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ३५ प्रवाशांना घेऊन मुंबईहून लंडनला निघाले. जे.आर.डी. स्वतः त्यात होते. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत केलेल्या या प्रवासाला सुमारे चोवीस तास लागले. १९६० मध्ये बोईंग ७०७ हे जेट आले आणि ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असलेला वेग ९०० च्या घरात गेला.

त्यानंतर मात्र प्रवासी विमानांचा वेग फारसा वाढलेला नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. पुढे वेळ वाचली ती मुख्यतः वाटेतले थांबे गेल्यामुळे. एका दमात हा पल्ला गाठणारी विमाने आली आणि दर थांब्यावरचे उतरणे, इंधन भरणे, पुन्हा उडणे संपले.

त्या थांब्यांची किंमत मी जाणतो. १९७९ साली वडील गेल्याची तार मला त्याच संध्याकाळी मिळाली. दुसऱ्या दिवशीचे तिकीट मिळाले. वाटेत दोन थांबे, मुंबईहून साताऱ्यापर्यंत एस.टी. तिसऱ्या दिवशी घरी पोचलो तेव्हा सगळे आटोपले होते. आईने फक्त, “आलास का रे?” एवढेच विचारले.

आज लंडनहून मुंबईला थेट विमानाने साधारण नऊ तास लागतात. परतीला थोडे जास्त, कारण वरच्या हवेतले जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि येताना विमानाला त्यांच्याविरुद्ध जावे लागते. शिवाय आकाशालाही सरहद्दी असतात. २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा वळसा घालावा लागून प्रवास लांबला. यंत्राने कमावलेली मिनिटे राजकारणाने घालवली!

आपल्या मुलांना नऊ तास म्हणजे कंटाळा वाटतो. त्यांना एकदा हा हिशेब जरूर सांगावा : तीन आठवडे, सात दिवस, चोवीस तास, नऊ तास. वेळेत घरी पोहोचता येणे ही आपल्या आधीच्या पिढ्यांना न मिळालेली श्रीमंती आहे. ती हाताशी आहे तोवर, निमित्ताची वाट न पाहता, आई-वडिलांना भेटून यावे.