बर्फाखालचा क्रॉपी समोर आलेलं आमिष का टाळतो? आणि त्याला गळाला लावायचं कसं?

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत हिवाळ्यात तळी गोठतात. बर्फ पुरेसा जाड झाला की लोक त्यावर चालत जातात, गिरमिटाने साधारण १५ ते २० सेंटिमीटर रुंदीचं भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडतात. यालाच 'आइस फिशिंग' म्हणतात. या मोसमात लोक ज्या माशांच्या मागे असतात, त्यात क्रॉपी हे मोठं नाव आहे.

पण भर हिवाळ्यात हा मासा भल्याभल्यांचा अंत पाहतो. सोनारच्या पडद्यावर तो दिसतो, आमिषाजवळ येतो, क्षणभर थांबतो आणि तोंड न लावताच निघून जातो. असं का होतं आणि अशा वेळी काय करतात, ते पाहू.

क्रॉपी म्हणजे कोणता मासा?

क्रॉपी हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला, सनफिश कुळातला मासा. त्याच्या दोन जाती आहेत, काळा क्रॉपी आणि पांढरा क्रॉपी. अंग दोन्ही बाजूंनी चपटं, डोळे मोठे आणि तोंडाभोवतीची कातडी अगदी पातळ. त्यामुळे तिथले लोक त्याला 'कागदी तोंडाचा' असंही म्हणतात. पाण्यातले सूक्ष्म जीव, किडे आणि लहान मासे हे त्याचं खाणं.

थंडीत त्याची भूक कुठे जाते?

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वात जड असतं. म्हणून गोठलेल्या तळ्यात बर्फाला लागून असलेलं पाणी शून्य अंशाच्या जवळ असतं, तर तळाचं पाणी ४ अंशांच्या आसपास. माशाच्या शरीराचं तापमान पाण्याप्रमाणे बदलतं. पाणी गार झालं की पचन मंदावतं आणि एकदा खाल्लेलं बराच काळ पुरतं.

त्यात भर पडते ती प्राणवायूची. बर्फावर हिम साचलं की खाली उजेड पोचत नाही आणि पाणवनस्पती प्राणवायू तयार करेनाशा होतात. तळाशी मात्र पालापाचोळा कुजत राहतो आणि आहे तो प्राणवायूही खर्च होतो. त्यामुळे हिवाळा सरत येतो तसे मासे तळ सोडून थोडे वर तरंगताना दिसतात.

थोडक्यात, क्रॉपी हट्टी नसतो, हिशोबी असतो. घास मिळवायला जितकी ताकद लागेल, तितकं त्यातून मिळणार नसेल, तर तो जागचा हलत नाही. म्हणून अनुभवी लोकांच्या बहुतेक युक्त्यांचा अर्थ एकच: माशाला कष्ट कमी पडू द्या.

आधी जागा, मग गळ

हिवाळ्याच्या सुरुवातीला क्रॉपी उथळ पाण्यातल्या हिरव्या वनस्पतींजवळ सापडतात. पुढे ते तळ्याच्या खोल भागाकडे सरकतात आणि तिथे मधल्या पाण्यात थव्याने राहतात. त्यामुळे एकाच भोकापाशी दिवसभर बसण्यापेक्षा बरीच भोकं पाडून प्रत्येकात सोनारने पाहणं फायद्याचं ठरतं.

वेळही महत्त्वाची. मोठ्या डोळ्यांमुळे क्रॉपीला अंधुक उजेडात चांगलं दिसतं. पहाट, संध्याकाळ आणि रात्रीचे पहिले काही तास, या वेळी तो जास्त खातो.

आमिष माशाच्या वर ठेवा

क्रॉपी बहुतेकदा वर पाहून भक्ष्य टिपतो. त्याच्या खाली गेलेलं आमिष त्याच्या नजरेतून सुटतं. म्हणून सोनारवर मासा ज्या खोलीवर दिसतो, त्याच्या ३० ते ६० सेंटिमीटर वर गळ थांबवतात. मासा वर येऊ लागला, की गळही हळूच थोडा वर घेतात. पाठलाग करत वर आलेला मासा घास घेण्याची शक्यता वाढते.

घास छोटा, हालचाल कमी

मासे तोंड लावत नसतील तर सर्वात आधी आमिष लहान करतात. जिग म्हणजे वजन जडवलेला गळ. तो साधारण १ ग्रॅमचा किंवा त्याहून हलका घेतात. इथे टंगस्टन कामाला येतं. त्याची घनता शिशापेक्षा बरीच जास्त, म्हणजे ११.३ च्या तुलनेत १९.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. त्यामुळे जिग आकाराने छोटा असूनही झटकन खाली जातो. दोराही बारीक, साधारण १ ते २ किलो ताण सोसणारा.

गळाला बहुधा मेणअळी लावतात. मधमाश्यांची पोळी पोखरणारी, मधपाळांना नकोशी असलेली अळी ती हीच.

सुरुवातीला जिग दोन-चार वेळा वर उचलून सोडतात, म्हणजे लांबच्या माशाचं लक्ष जातं. मासा जवळ आला की मात्र हात आवरायचा. गळ फक्त किंचित थरथरता ठेवायचा, किंवा पूर्ण स्थिर. तरीही जमलं नाही, तर शेजारच्या भोकात दुसरी काठी लावून ठेवतात. तिच्या गळाला जिवंत छोटा मासा असतो आणि तिला कुणी हात लावत नाही. मिनेसोटात हिवाळ्यात बर्फातून दोन गळ टाकायला परवानगी आहे.

लागला, हे कळणार कसं?

क्रॉपी अनेकदा घास घेऊन वर सरकतो. त्यामुळे दोऱ्याला ओढ बसत नाही, उलट तो सैल पडतो. ही हालचाल दिसावी म्हणून काठीच्या टोकाला नाजूक स्प्रिंग बसवतात. वजनाने वाकलेली स्प्रिंग अचानक सरळ झाली, की मासा लागला असं समजायचं. तेव्हा जोराचा हिसका दिला तर पातळ तोंड फाटून मासा निसटतो. काठी अलगद उचलणं पुरेसं असतं.

थांबायचं कधी?

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. साधारण ९ मीटरहून खोल पाण्यातून क्रॉपी वर ओढला, की दाब एकदम कमी होऊन त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. ती हवा त्याला लगेच बाहेर टाकता येत नाही. असा मासा परत सोडला तरी अनेकदा जगत नाही. म्हणून खोल पाण्यात 'पकडू आणि सोडून देऊ' हे चालत नाही. खाण्यापुरते मासे मिळाले की गळ आवरायचा किंवा उथळ जागी जायचं. मिनेसोटात राज्यभराची सर्वसाधारण मर्यादा माणशी १० क्रॉपींची आहे, काही तळ्यांवर त्याहूनही कमी. हिवाळ्यात थवा एका जागी गोळा झालेला असतो, त्यामुळे मोजक्या दिवसांत तळं रिकामं होऊ शकतं.

आणि माशाआधी स्वतःचा जीव. चालत जायलासुद्धा निदान १० सेंटिमीटर जाडीचा, नवा, पारदर्शक बर्फ हवा. पांढुरका बर्फ त्यापेक्षा कमकुवत असतो. जाडी एकदा मोजून भागत नाही, कारण एकाच तळ्यावर ती जागोजागी बदलते. पुढे जाताना ती मोजतच जावं लागतं.